'निवडणारा' की 'नेमलेला'? : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतील परिभाषेची चिकित्सा

१

राजकीय संस्थांचा अभ्यास करताना त्या संस्थांच्या नावांकडे सहसा दुकानाच्या पाटीप्रमाणे पाहिले जाते. दुकान कोणते ते कळले, की पाटीचे काम संपले. परंतु काही संस्था अशा असतात, की त्यांच्या नावातच त्यांच्या स्वभावातील विसंगती साठवलेली असते, आणि ती विसंगती उलगडल्याशिवाय संस्थेचा व्यवहारही नीट उलगडत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अध्यक्ष ज्या पद्धतीने निवडला जातो, तिला रूढ झालेले 'इलेक्टोरल कॉलेज' हे नाव या जातीचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे नाव अमेरिकेच्या राज्यघटनेत कोठेही नाही. १७८७ मध्ये सिद्ध झालेल्या घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात फक्त 'इलेक्टर' हा शब्द आहे. १८०४ मध्ये संमत झालेल्या बाराव्या दुरुस्तीतही तेवढाच आहे. 'कॉलेज' हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बोलण्यात व लिहिण्यात रूढ झाला आणि संघराज्याच्या कायद्यात तो प्रथम १८४५ मध्ये आला. म्हणजे संस्था आधी जन्मली आणि तिचे बारसे सुमारे अर्ध्या शतकाने झाले.

या नावातील दोन घटकांची व्युत्पत्ती उद्बोधक आहे. 'इलेक्टर' लॅटिन 'एलिगेरे' या क्रियापदापासून आला. त्याचा मूळ अर्थ 'अनेकांतून वेचून काढणे'. मराठीतील 'निवडणे' हे क्रियापद याच कल्पनेवर उभे आहे. तांदूळ निवडणारी बाई सुपातील दाणा न् दाणा डोळ्यांखालून घालते, खडा बाजूला करते. निवडणे या क्रियेत पाहणे, पारखणे आणि स्वतःच्या बुद्धीने ठरवणे ही तिन्ही अंगे गृहीत असतात. 'कॉलेज' या शब्दाच्या मुळाशी असलेला 'कोलेगा' मात्र बहुतेक व्युत्पत्तिकार 'लेगारे' या क्रियापदाशी जोडतात. त्याचा अर्थ 'नेमणे, दुसऱ्याच्या वतीने पाठवणे'. 'कोलेगा' म्हणजे सोबत नेमलेला माणूस. निवडणारा स्वतःच्या बुद्धीने वागतो. नेमलेला धन्याच्या आज्ञेने वागतो. पेशवाईतील दरबारी वकील जसा स्वतःचे मत सांगण्यासाठी नव्हे, तर धन्याचा निरोप पोचवण्यासाठी गेलेला असे, तसा. अमेरिकेतील निर्वाचक यांपैकी कोण, हा त्या देशातील दोन शतकांचा वाद आहे, आणि तो त्याच्या नावाच्या दोन शब्दांमध्ये योगायोगाने का होईना, पण अचूक विभागला गेला आहे.

२

वादाचे स्वरूप समजण्यासाठी पद्धतीची रूपरेषा आवश्यक आहे. प्रत्येक राज्याला, त्याचे प्रतिनिधिगृहात जितके सभासद आणि सिनेटमध्ये जितके सभासद असतात त्यांच्या बेरजेइतके निर्वाचक मिळतात. प्रतिनिधिगृहातील ४३५, सिनेटमधील १०० आणि १९६१ च्या तेविसाव्या दुरुस्तीने राजधानीच्या जिल्ह्याला मिळालेले ३ मिळून एकूण संख्या ५३८ होते. निर्णायक बहुमत २७० चे. निर्वाचक कसे नेमावयाचे, हे प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने ठरवावयाचे असते. सिनेटर, प्रतिनिधिगृहाचे सभासद आणि संघराज्याच्या सेवेत अधिकारपदावर असलेल्या व्यक्ती यांना निर्वाचक होता येत नाही.

नोव्हेंबरमध्ये नागरिक मत देतात ते कायद्याच्या भाषेत अध्यक्षाला नव्हे, तर त्या त्या पक्षाने आधीच ठरवलेल्या निर्वाचकांच्या संचाला. अठ्ठेचाळीस राज्यांत व राजधानीच्या जिल्ह्यात ज्याला राज्यात सर्वांत अधिक मते, त्याच्या पक्षाचा सगळा संच निवडून येतो, मग आघाडी एका मताची असो की दहा लाखांची. मेन राज्यात १९७२ पासून आणि नेब्रास्कात १९९२ पासून दोन निर्वाचक राज्याच्या एकूण मतांवर व उरलेले प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांनुसार ठरतात. डिसेंबरमध्ये निर्वाचक आपापल्या राज्यात जमून अध्यक्षासाठी व उपाध्यक्षासाठी वेगवेगळ्या मतपत्रिका भरतात. ६ जानेवारीला काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत ती मते मोजली जातात. कोणालाही बहुमत नसेल, तर पहिल्या तिघांतून प्रतिनिधिगृह अध्यक्ष निवडते. परंतु तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते.

या वर्णनात एक गोष्ट सहज निसटते. पाचशे अडतीस माणसांचे हे 'कॉलेज' कधीही एका ठिकाणी भरत नाही. त्याला अध्यक्ष नाही, कार्यवृत्त नाही, चर्चा नाही. ती एक्कावन्न ठिकाणी, एकाच दिवशी, एकमेकांना न भेटता होणारी एक्कावन्न छोटी मतदाने आहेत. ज्या समूहाला सभा माहीत नाही त्याला सभावाचक नाव मिळाले आहे.

३

निर्वाचकांची तात्त्विक बाजू ज्या लेखनावर आजही उभी केली जाते, ते लेखन म्हणजे 'फेडरलिस्ट' या लेखमालेतील अडुसष्टावा लेख. अलेक्झांडर हॅमिल्टनने 'पब्लियस' या टोपणनावाने तो मार्च १७८८ मध्ये न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केला. नव्या घटनेच्या या भागावर विरोधकांनीही फारशी टीका केलेली नाही, असे समाधान त्याने आरंभीच व्यक्त केले आहे. ज्या तरतुदीत बदल सुचवणारे सातशेहून अधिक प्रस्ताव पुढील काळात काँग्रेसपुढे आले, तिच्याविषयी हे उद्गार निघाले होते, हे इतिहासाचे एक वैचित्र्य होय.

या लेखाचे वाचन सहसा एकाच वाक्यार्थापुरते केले जाते: अध्यक्षाची निवड विवेकी, गुणपारखी आणि मोजक्या माणसांनी करावी, असा हॅमिल्टनचा आग्रह होता. हे खरे आहे, पण अपुरे आहे. लेखाच्या रचनेकडे लक्ष दिले तर तेथे दोन मागण्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. या महत्त्वाच्या निवडीत लोकांच्या भावनेला वाव असावा, ही पहिली. आणि प्रत्यक्ष निवड मात्र पारख असलेल्या माणसांनी करावी, ही दुसरी. या दोन मागण्या एकमेकींना छेद देतात तेव्हा काय करावयाचे, हे हॅमिल्टन सांगत नाही. निर्वाचकाची पारख एकीकडे आणि लोकभावना दुसरीकडे झुकली, तर निर्वाचकाने कोणाचे ऐकावे? लेखात याचे उत्तर नाही, कारण लेखकाच्या कल्पनेत तो प्रसंगच उद्भवत नाही.

दुसरी उणीव याहून खोल आहे. विचारविनिमयाला अनुकूल परिस्थिती हा हॅमिल्टनचा मोठा मुद्दा. पण त्याच लेखात निर्वाचक वेगवेगळ्या राज्यांत राहून मत देतील, त्यामुळे प्रक्षोभ एकाकडून दुसऱ्याकडे पसरणार नाही, याचीही तो प्रशंसा करतो. कारस्थान टाळण्यासाठी एकत्र येणे टाळले. परंतु एकत्र येणेच टाळले म्हणजे विचारविनिमयही टळला. जॉर्जियातील निर्वाचकाने न्यू हॅम्पशायरमधील निर्वाचकाचे म्हणणे ऐकल्यावाचून देशव्यापी पारख कशी व्हावी? हॅमिल्टनच्या गद्यातील आत्मविश्वास इतका आहे, की ही फट वाचकाच्या ध्यानात येऊ नये अशी तिची मांडणी झाली आहे. हा लेख प्रचारलेख होता. घटनेला न्यू यॉर्कची मान्यता मिळवणे हे त्याचे कार्य होते. प्रचारलेखाला तत्त्वग्रंथाचा मान देण्यात वाचकांची चूक आहे, लेखकाची नव्हे.

शिवाय, निर्वाचक हा हॅमिल्टनच्या तत्त्वज्ञानातून जन्मलेला नाही. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या परिषदेत काँग्रेसने निवड करावी, लोकांनी करावी, की मध्यस्थांनी करावी, यावर बरेच दिवस घोळ चालला. जेम्स विल्सनने जूनच्या आरंभीच मध्यस्थ निर्वाचकांची कल्पना मांडली होती आणि ती तेव्हा फेटाळली गेली होती. १९ जुलै रोजी जेम्स मॅडिसनने प्रत्यक्ष लोकनिवडीला तत्त्वतः अनुकूलता दाखवून एक व्यावहारिक अडचण सांगितली: दक्षिणेकडील राज्यांतील गुलामांना मताधिकार नसल्याने अशा निवडणुकीत त्या राज्यांचे वजन पडणार नाही. निर्वाचकांच्या योजनेने ही अडचण दूर केली; कारण प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली जात होती आणि निर्वाचकांची संख्या त्या जागांवर बेतलेली होती. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची स्वतंत्र लोकसंख्या सुमारे ४ लाख ५५ हजार आणि पेन्सिल्व्हेनियाची सुमारे ४ लाख ३१ हजार होती. परंतु व्हर्जिनियातील सुमारे २ लाख ९३ हजार गुलामांमुळे १७९२ च्या निवडणुकीत तिला २१ निर्वाचक मिळाले आणि पेन्सिल्व्हेनियाला १५. ज्यांना मत नव्हते त्यांच्या संख्येवर त्यांच्या मालकांच्या राज्याचे वजन वाढले. हॅमिल्टनच्या लेखात या हिशेबाचा उल्लेख नाही. टीकाकाराने लेखातील शब्दांबरोबर लेखातील मौनही वाचले पाहिजे, याचे हे ठळक उदाहरण आहे.

४

व्यवहाराने या शब्दांचे काय केले, ते आता पाहू जाता असे दिसते, की निवडणाऱ्याचा नेमलेला होण्यास दहा वर्षेही लागली नाहीत. १७९६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील सॅम्युएल माइल्स हा फेडरलिस्ट पक्षाच्या यादीतून निवडून आलेला निर्वाचक. त्याने मत मात्र जेफरसनला दिले. त्याच्यावर जी टीका झाली तिचा रोख असा, की त्याला विचार करण्यासाठी नव्हे, तर ठरल्याप्रमाणे मत देण्यासाठी पाठवले होते. १८०० मध्ये पक्षशिस्त इतकी पक्की झाली, की जेफरसन व त्याचाच जोडीदार आरन बर यांना समसमान ७३ मते पडली आणि प्रतिनिधिगृहाला छत्तीस वेळा मतदान करावे लागले. बारावी दुरुस्ती या पेचातून निघाली. तिने अध्यक्ष व उपाध्यक्ष यांची मते वेगळी केली आणि त्याद्वारे पक्षांच्या जोडउमेदवारीला न बोलता मान्यता दिली.

पुढे राज्याचे सगळे निर्वाचक एकाच पक्षाला देण्याची प्रथा पसरली. १८३६ पर्यंत दक्षिण कॅरोलिना वगळता सर्व राज्यांनी ती स्वीकारली होती. या प्रथेची घटनेत आज्ञा नाही. एका राज्याने आपले वजन एकवटले, की शेजारच्या राज्याला तसे केल्यावाचून गत्यंतर उरत नाही, एवढाच तिचा तर्क. कालांतराने बहुतेक राज्यांच्या मतपत्रिकांवरून निर्वाचकांची नावेही गेली. तेथे आता पक्षाच्या उमेदवारांची नावे असतात. ज्या व्यक्तीला नागरिक कायद्याने मत देतो, तिचे नाव त्याला वाचावयास मिळत नाही. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर कर्ता अध्याहृत झाला.

तथापि शब्द उरला आणि शब्दाबरोबर त्याचा जुना दावाही उरला. २०१६ मध्ये सात निर्वाचकांनी आपल्या पक्षाच्या उमेदवाराऐवजी अन्य व्यक्तींना मते दिली. वॉशिंग्टन राज्याने चौघांना प्रत्येकी एक हजार डॉलर दंड केला. कोलोरॅडोत एका निर्वाचकाचे मत रद्द करून त्याच्या जागी दुसरा बसवला. 'चियाफालो विरुद्ध वॉशिंग्टन' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणाचा निकाल ६ जुलै २०२० रोजी लागला, आणि तो भाषेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा असा आहे. कारण तेथील वाद मुख्यतः तीन शब्दांचा होता. निर्वाचकांचे म्हणणे असे, की 'इलेक्टर', 'मत' आणि 'मतपत्रिका' या शब्दांच्या अठराव्या शतकातील अर्थातच स्वतंत्र निवड अंतर्भूत आहे. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी बहुमताच्या वतीने हे अमान्य केले. एखादा मनुष्य नेहमी जोडीदाराच्या, धर्मोपदेशकाच्या वा कामगार संघटनेच्या सांगण्यावरून मत देत असला तरी तो मत देतो असेच म्हटले जाते. दुसऱ्याचा मुखत्यार म्हणून मत देणाराही मतच देतो. ज्यांना स्वातंत्र्य अभिप्रेत होते त्या मेरीलँड व केंटकी यांच्या जुन्या राज्यघटनांनी आपल्या निर्वाचकांकडून निःपक्षपाती निवडीची शपथ घेतली होती. संघराज्याच्या घटनेत तशी शपथ नाही. उलट, राज्य निर्वाचक 'नेमते' असे तेथे म्हटले आहे, आणि नेमण्याच्या अधिकारात अटी घालण्याचा अधिकार येतो.

निर्णयाच्या फलिताविषयी नऊही न्यायमूर्तींचे एकमत होते. युक्तिवादाची मात्र छाननी करणे प्राप्त आहे. 'मत' या शब्दात स्वातंत्र्य अपरिहार्यपणे येत नाही, हे केगन यांनी सिद्ध केले. परंतु एखादा अर्थ अपरिहार्य नसणे आणि तो काढून टाकण्यास मुभा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडीदाराचे ऐकून मत देणारा माणूस उद्या न ऐकताही मत देऊ शकतो, आणि ते मत तेवढेच मोजले जाते. म्हणूनच त्याच्या कृतीला मत म्हणतात. कोलोरॅडोतील निर्वाचकाची स्थिती अशी नव्हती. तेथे ठरलेले नाव लिहिले तरच पत्रिका मत ठरे. अन्यथा ती मत ठरतच नसे. ज्या कृतीचा एकच परिणाम ग्राह्य आहे तिला मराठीत 'सही करणे' म्हणतात, 'मत देणे' म्हणत नाहीत. न्यायमूर्ती थॉमस यांनी आपल्या वेगळ्या मतपत्रात हाच ताण निराळ्या दिशेने दाखवला: 'नेमणे' या शब्दावर इतका भार टाकता येत नाही, आणि घटना मूक असल्याने तो अधिकार राज्यांकडे राखीव राहतो, असा त्यांचा कल आहे.

केगन यांच्या निकालाचे खरे बळ शब्दकोशात नसून रूढीत आहे. तोवर दिल्या गेलेल्या २३ हजारांहून अधिक निर्वाचक-मतांपैकी ठरल्याविरुद्ध पडलेली मते अवघी १८० होती, आणि त्यांतील सुमारे एक-तृतीयांश १८७२ मध्ये होरेस ग्रीली हा उमेदवारच निवडणुकीनंतर निवर्तल्यामुळे पडली होती. शब्दाचा अर्थ प्रयोगाने ठरतो, हे भाषाशास्त्राचे पहिले सूत्र. दोनशे वर्षांच्या प्रयोगाने 'इलेक्टर' या शब्दाचा अर्थ 'नेमलेला' असा केला असेल, तर तो मान्य करणेच प्रामाणिकपणाचे आहे. पण मग त्याचे परिणामही मान्य केले पाहिजेत. निर्वाचक पारखी नाही, हे एकदा कायद्याने ठरल्यावर हॅमिल्टनचा अडुसष्टावा लेख या संस्थेच्या समर्थनार्थ उद्धृत करण्याचा अधिकार कोणालाही राहत नाही.

५

हे समर्थन गेल्यावर जे उरते ते अंकगणित. निर्वाचक पद्धती आज माणसांची सभा नसून मोजण्याची एक रीत आहे, आणि तिचा न्याय तिच्या हिशेबावरून केला पाहिजे.

या हिशेबाची सर्वपरिचित उणीव लहान राज्यांच्या वजनाची. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख आणि वायोमिंगची सुमारे ५ लाख ७७ हजार. निर्वाचक अनुक्रमे ५४ आणि ३. म्हणजे एका निर्वाचकामागे तेथे सुमारे ७ लाख ३२ हजार माणसे, तर येथे सुमारे १ लाख ९२ हजार. परंतु यापेक्षा मोठा परिणाम राज्याचा सगळा संच एकाला देण्याच्या प्रथेचा आहे. २००० मध्ये देशभरात अल गोर यांना सुमारे ५ लाख ४० हजार मते अधिक होती. फ्लोरिडातील ५३७ मतांच्या अधिकृत फरकाने जॉर्ज बुश २७१ निर्वाचकांसह अध्यक्ष झाले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख ७० हजार मते अधिक मिळूनही डोनाल्ड ट्रम्प ३०४ विरुद्ध २२७ निर्वाचकांनी विजयी झाले. १८७६ व १८८८ मध्येही असे घडले होते. १८२४ मध्ये सर्वाधिक मते व सर्वाधिक निर्वाचक मिळवूनही अँड्र्यू जॅक्सन प्रतिनिधिगृहात हरला. २०२० मध्ये जो बायडन यांची आघाडी ७० लाखांहून अधिक होती. तरीही ॲरिझोना, जॉर्जिया व विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील आघाड्यांची बेरीज सुमारे ४३ हजार भरते. त्या तीन राज्यांचे ३७ निर्वाचक उलटले असते, तर सामना २६९–२६९ असा बरोबरीत सुटला असता. २०२४ मध्ये लोकमत आणि निर्वाचक यांचा कौल एकाच बाजूला पडला आणि ट्रम्प ३१२ निर्वाचकांनी निवडून आले. पण प्रचाराचा भर तेव्हाही मुख्यतः ९३ निर्वाचक असलेल्या सात राज्यांवरच होता.

प्रतिपक्षाची बाजूही तिच्या सबळ रूपात मांडली पाहिजे. अमेरिका हे राज्यांचे संघराज्य असून अध्यक्षाला विविध प्रदेशांचा पाठिंबा हवा; निकालाचा वाद एक-दोन राज्यांपुरता मर्यादित राहतो आणि देशभर फेरमोजणी करावी लागत नाही; हे मुद्दे क्षुल्लक नाहीत. १९६९ मध्ये प्रत्यक्ष निवडणुकीची दुरुस्ती प्रतिनिधिगृहाने ३३८ विरुद्ध ७० मतांनी संमत केली, तरी ती पुढील वर्षी सिनेटमध्ये अडली. यामागे केवळ हट्ट नव्हता. २०२४ अखेर १७ राज्ये व राजधानीचा जिल्हा मिळून २०९ निर्वाचकांनी, देशभर ज्याला अधिक मते त्यालाच आपले निर्वाचक देण्याचा आपसातला करार केलेला आहे. तो २७० निर्वाचक भरल्यावरच अमलात यावयाचा आहे. या दोन बाजूंचा वाद खरा आहे. मात्र तो मोजणीच्या दोन रीतींमधला वाद आहे, सुज्ञ आणि अज्ञ यांच्यामधला नव्हे. जुन्या शब्दांच्या वलयामुळे हा फरक पुसट होतो.

वलय निरुपद्रवी नसते, हे २०२० च्या डिसेंबरात दिसले. सात राज्यांत पराभूत पक्षाच्या व्यक्तींनी स्वतःला निर्वाचक म्हणवून प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. काही राज्यांच्या विधिमंडळांवर, घटनेतील 'नेमणे' या शब्दाच्या आधारे मतदानानंतर वेगळे निर्वाचक नेमण्यासाठी दडपण आले. आणि ६ जानेवारी २०२१ रोजी मोजणी चालू असताना जमावाने संसदभवनावर हल्ला केला. १८८७ च्या मोजणी-कायद्याची भाषा इतकी गुंतागुंतीची होती, की उपाध्यक्षाला मते बाजूला ठेवण्याचा अधिकार आहे असा दावा करण्यास तिने जागा दिली. डिसेंबर २०२२ मधील सुधारणा-कायद्याने उपाध्यक्षाचे काम केवळ औपचारिक असल्याचे स्पष्ट केले आणि आक्षेपासाठी दोन्ही गृहांच्या प्रत्येकी एक-पंचमांश सभासदांची सही आवश्यक केली. एका संदिग्ध वाक्यरचनेची किंमत राष्ट्राला किती पडू शकते, याचा हा धडा आहे.

६

भारतीय अभ्यासकाला या चर्चेत आणखी एक कारणाने रस असावा. भारताच्या संविधानाच्या इंग्रजी संहितेत चोपन्नाव्या अनुच्छेदात 'इलेक्टोरल कॉलेज' हा शब्द स्पष्टपणे आलेला आहे. म्हणजे जो शब्द अमेरिकेच्या घटनेत नाही तो भारताच्या संविधानात आहे. संस्था मात्र भिन्न आहे. येथे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे व विधानसभांचे निर्वाचित सभासदच राष्ट्रपती निवडतात. ते दुसऱ्या कामासाठी आधीच निवडून आलेले असतात, एकल संक्रमणीय मतपद्धतीने पसंतीक्रम देतात, मतदान गुप्त असते आणि पक्षाला आदेश बजावता येत नाही. मताचे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवर बेतलेले आहे. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, सिक्कीमच्या आमदाराचे ७ आणि खासदाराचे ७०० होते. अमेरिकेत लहान राज्याला अधिक वजन मिळते. येथे वजन लोकसंख्येला मिळते.

निवडणाऱ्याचे स्वातंत्र्य येथे केवळ कागदावर नाही. १९६९ मध्ये काँग्रेस पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी असताना इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले आणि व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांची मोजणी होऊन निवडून आले. २००७ मध्ये शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून प्रतिभा पाटील यांना मते दिली. अशा प्रकारे एक विरोधाभास हाती येतो. भारतात निर्वाचक खऱ्या अर्थाने निवडणारा आहे, पण ज्याला निवडावयाचे त्याचे अधिकार बव्हंशी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. अमेरिकेत निवडलेल्याचे अधिकार प्रचंड आहेत, आणि निर्वाचक मात्र निरोप्या आहे.

परिभाषेचा प्रश्न येथूनच निघतो. मराठीत दोन्ही संस्थांना 'निर्वाचक मंडळ' असे सरसकट म्हटले जाते आणि दोन्ही निवडणुकांना 'अप्रत्यक्ष' असे विशेषण लावले जाते. 'मंडळ' म्हणजे वर्तुळ. समोरासमोर बसलेल्या माणसांचे चित्र त्या शब्दात आहे. अमेरिकेचे निर्वाचक कधीच असे बसत नाहीत, आणि भारताचेही संसदभवनात व निरनिराळ्या विधानभवनांत विखरून मत देतात. हिंदी संविधानाने स्वीकारलेला 'निर्वाचकगण' हा शब्द या दृष्टीने अधिक चपखल आहे. 'गण' हा 'मोजणे' या अर्थाच्या धातूपासून आला असून, न जमताही मोजता येणारा समूह त्याने सूचित होतो. 'अप्रत्यक्ष' या विशेषणाचे मात्र दोन्हीकडे सारखे चालणार नाही. भारतातील राष्ट्रपतीची निवडणूक अप्रत्यक्ष आहे, यात शंका नाही. अमेरिकेतील निवडणूक शब्दाने अप्रत्यक्ष आणि वस्तुतः राज्यवार मोजलेली प्रत्यक्ष निवडणूक आहे. पाठ्यपुस्तकांतून दोहोंना एकाच सदरात घातल्यामुळे विद्यार्थ्याचा असा ग्रह होतो, की अमेरिकेतही कोणी सुज्ञ मंडळी जनतेच्या वतीने विचार करीत असावीत. तेथे तसे कोणी नाही.

७

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा. अमेरिकेच्या घटनेने एका वाक्यात दोन क्रियापदे ठेवली: राज्याने नेमावे आणि नेमलेल्याने मत द्यावे. पहिले क्रियापद दुसऱ्याला बांधते की नाही, हे घटनेने सांगितले नाही. हॅमिल्टनने ते गोड भाषेत झाकले, पक्षांनी प्रथेने ठरवले आणि २०२० मध्ये न्यायालयाने त्या प्रथेवर शिक्का मारला. यापुढे निर्वाचकाला 'निवडणारा' म्हणणे ही ऐतिहासिक स्मृती आहे, वर्णन नव्हे.

संस्था ठेवावी की बदलावी, हा त्या देशातील नागरिकांचा निर्णय. टीकेचे काम एवढेच, की तो निर्णय कोणत्या प्रश्नावर घ्यावयाचा आहे ते स्वच्छ करणे. तो प्रश्न निर्वाचकांच्या शहाणपणाचा नाही. वायोमिंगमधील आणि कॅलिफोर्नियातील, पेन्सिल्व्हेनियातील आणि टेक्ससमधील नागरिकाचे मत एकाच मापाने मोजावयाचे की नाही, हा तो प्रश्न आहे. ज्या दिवशी तो या साध्या शब्दांत विचारला जाईल, त्या दिवशी त्याचे उत्तर देणाऱ्याला, मग ते उत्तर कोणतेही असो, हॅमिल्टनच्या आड उभे राहता येणार नाही.